अंगठा कुणाचा, वकील कुणाचा?

वाचक वकील भगिनीचं पत्र

मॅडम, मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुका कोर्टात सहा वर्षांपासून वकिली करते. मागच्या आठवड्यात एक गृहस्थ त्यांच्या ८१ वर्षांच्या आईला घेऊन माझ्या टेबलापाशी आले. आजोबा जाऊन बरीच वर्षं झाली. आजींच्या नावावर माहेरकडून आलेली दीड एकर बागायत आणि गावातलं दोन खणी घर आहे. मोठा मुलगा पुण्यात, मुलगी इचलकरंजीला दिलेली आणि हा धाकटा गावात आईजवळ असतो. त्याला सगळी मिळकत बक्षीसपत्रानं स्वतःच्या नावावर करून हवी आहे, शिवाय बँकेच्या कामांसाठी आईकडून कुलमुखत्यारपत्र, म्हणजे तिच्या वतीनं सगळे व्यवहार करण्याचा अधिकार देणारा कागद, हवं आहे.

बोलत सगळं तोच होता. आजींना काही विचारलं की त्या त्याच्याकडं बघायच्या आणि "हा म्हणंल तसं करा बाई" म्हणायच्या. आज बाजाराचा वार का, हे त्यांनी मला दोनदा विचारलं. मध्येच त्याचा फोन वाजला, तो बाहेर गेला. तेवढ्यात आजी पुढं वाकून हळूच म्हणाल्या, "माझ्या लेकीला काय ऱ्हाईल का ओ?" तो आत आला आणि त्या गप्प झाल्या.

मी त्याच्याकडून पाच हजार आगाऊ घेतलेत. मसुदा तयार आहे. सिनिअर म्हणतात, आपण लिहून द्यायचं, घरचं घरचे बघतील. काल मोठ्या मुलाचा फोन आला, तो मसुद्याची प्रत मागत होता. मी हे काम सोडून देऊ का? उद्या केस झाली तर माझ्यावर काही येईल का? आणि आजींना नीट कळतंय की नाही हे मी ठरवायचं तरी कसं?

उत्तर

काम सोडू नका. निदान आजींशी एकट्यानं बोलल्याशिवाय तरी नाही.

तुम्ही कागद परत केलात की तो मुलगा तीन टेबलं सोडून चौथ्यापाशी जाईल आणि संध्याकाळच्या आत दस्त नोंदला जाईल. आजींचं ते एक वाक्य ऐकलेलं माणूस या सगळ्यात तुम्ही एकट्याच आहात. तुम्ही बाजूला झालात की ते वाक्यही बुडालं.

आता पहिला गुंता सोडवू. पक्षकार कोण? तुम्हाला घेऊन आला मुलगा, पैसे दिले मुलानं, फोन करणार मुलगा. म्हणून नकळत आपण त्यालाच पक्षकार धरतो. पण दस्त लिहून देणार आजी, अंगठा आजींचा, जाणार ती जमीन आजींची. भारतीय विधिज्ञ परिषदेच्या आचारनियमांत १९ वा नियम आहे: पक्षकार किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी सोडून दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावरून वकिलानं वागायचं नाही. फी कुणीही भरू दे, त्यानं पक्षकार बदलत नाही. म्हणून उद्याच्या उद्या एक करा. त्या मुलाला सांगा, "मी आईंची वकील म्हणून काम करणार असेन तर तुमची नाही. तुम्हाला हवा तर तुमचा वेगळा वकील बघा." त्याला हे मान्य नसेल तर पाच हजार परत द्या, पण आजींना तुम्हाला भेटायचं असेल तर दार उघडं आहे हे त्यांच्या कानावर पोचू दे. मान्य असेल तर पावती आजींच्या नावानं करा. दोघांचंही काम एकदम करायला जाऊ नका. आज आईला सल्ला दिलात आणि उद्या मायलेकरांत वाद लागला, तर ३३ व्या नियमाप्रमाणे तुम्हाला मुलाच्या बाजूनं उभंच राहता येणार नाही.

हे मी एवढ्या आग्रहानं का सांगते आहे, तर माझ्या हातून हे एकदा घडलं आहे.

वकिलीची माझी पहिलीच काही वर्षं. एका आबांना त्यांचा पुतण्या घेऊन आला. धोतर, पांढरी टोपी, काखेत कापडी पिशवी. मूलबाळ नाही, जमीन पुतण्याला द्यायची. मी दस्त वाचून दाखवला. भराभर वाचला, कारण बाहेर नंबर लागला होता. आबा मान डोलवत होते. दुय्यम निबंधकांसमोर अंगठे झाले. पायऱ्या उतरताना आबा धोतराच्या सोग्याला अंगठ्याची शाई पुसत होते, आणि पुसता पुसता मला म्हणाले, "झालं न्हवं पोरी माझ्या पगाराचं काम?" पगार म्हणजे निराधार योजनेचे पैसे. पुतण्या घाईनं म्हणाला, "झालं झालं आबा, चला." आणि मी गप्प बसले. दोन वर्षांनी दावा लागला आणि मी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात होते. "दस्त वाचून दाखवला का?" हो. "त्यांना तो समजला होता का?" त्या प्रश्नापुढं मी जी थांबले ती शांतता मला अजून ऐकू येते. आबा तोवर गेले होते.

म्हणून वाचून दाखवणं आणि समजावणं या दोन गोष्टी कधी एक धरू नका.

आजींना एकट्याला भेटा. सकाळी बोलवा, दहाच्या सुमारास, जेवून आल्यावर. म्हातारपणी बऱ्याच जणांचं डोकं सकाळी जास्त स्वच्छ चालतं आणि दिवस कलला की गोंधळायला लागतं. कानाचं यंत्र आहे का, चष्मा आणला का, ते आधी बघा. पुष्कळदा ज्याला आपण "आजींना कळत नाही" म्हणतो ते नुसतं ऐकू न येणं असतं. बहिऱ्या माणसाला होकार देऊन मोकळं व्हायची सवय लागलेली असते. मुलाला बाहेर चहा प्यायला पाठवा. तो म्हणेल, आई घाबरते, मी बसतो. नम्रपणे नाही म्हणा. तुमच्याबरोबर खोलीत दुसरी एखादी बाई असू दे, तुमची ज्युनिअर किंवा कारकून. या कुटुंबातलं कुणीच नको.

आणि मग प्रश्न असे विचारा की ज्यांचं उत्तर नुसतं हो किंवा नाही देता येणार नाही. "जमीन द्यायची आहे ना?" या प्रश्नाचा काही उपयोग नाही. विचारा, "तुमच्या नावावर काय काय आहे? शेत कुठल्या अंगाला आहे? त्यात आता काय लावलंय? लेकरं किती, कोण कुठं असतं? हा कागद झाला की उद्या सातबारा कुणाच्या नावावर निघेल? पुढं समजा धाकट्याशी तुमचं पटलं नाही, तर राहाल कुठं?" शेवटचे दोन फार महत्त्वाचे. आज वार कोणता हे त्या विसरल्या तरी चालेल, खेड्यातल्या ८१ वर्षांच्या बाईला मंगळवार काय नि बुधवार काय. पण कागद झाल्यावर शेत आपलं राहणार नाही हे त्यांना त्यांच्या शब्दांत सांगता आलं पाहिजे. करार कायद्याच्या कलम १२ मध्येही कसोटी हीच आहे: करार करताना माणसाला तो समजतो का, आणि आपल्या हितावर त्याचा काय परिणाम होईल याचा त्याला सारासार विचार करता येतो का. एरवी भ्रमात असणारा माणूस मधल्या शुद्धीच्या काळात करार करू शकतो, हेही तेच कलम सांगतं. तेव्हा "म्हातारी आहे, कळत नसणार" हा शिक्काही मारू नका. म्हाताऱ्या माणसाला स्वतःची मिळकत हवी त्याला, अगदी मूर्खपणानंसुद्धा, देऊन टाकायचा हक्क आहे. त्यांचा निर्णय तुम्हाला पटण्याची गरज नाही, तो त्यांचा असला म्हणजे झालं.

चार दिवसांनी पुन्हा बोलवा आणि तेच प्रश्न पुन्हा विचारा. उत्तरं जुळली तर पुढं जा. दोन्ही वेळा तारीख, वेळ, खोलीत कोण होतं, आजी काय म्हणाल्या, ते त्यांच्याच बोलीत हातानं लिहून सही करून फाइलला ठेवा. उलटतपासणीत वकिलाला हे टिपण जेवढं वाचवतं तेवढं दुसरं काही वाचवत नाही.

डॉक्टरांच्या दाखल्याबद्दल एवढंच सांगते. "मानसिकदृष्ट्या सक्षम" असा एक ओळीचा दाखला लेटरहेडवर मिळतो आणि दस्ताला टाचला जातो. तपासणीच झाली नसेल तर त्या कागदाला कोर्टात कुणी विचारत नाही. ज्या दिवशी दस्त, त्याच दिवशी किंवा आदल्या दिवशी डॉक्टरांनी आजींशी बोलून, केसपेपरवर काय विचारलं नि काय उत्तर आलं ते लिहिलं पाहिजे. आणि त्या डॉक्टरांना आधी सांगून ठेवा की साक्षीला यावं लागेल.

आता कागदाकडे येऊ. आजींना खरंच धाकट्याला द्यायचं असेल, तरी बक्षीसपत्रच का? मुलगा ते का मागतो हे उघड आहे. रक्ताच्या नात्यात राहतं घर आणि शेती देताना आपल्याकडे मुद्रांक शुल्क नाममात्र आहे, आणि नोंदणी झाली की मिळकत तिथल्या तिथं हातात येते. पण बक्षीसपत्र एकदा झालं की देणाऱ्याला मनात आलं म्हणून ते मोडता येत नाही. मृत्युपत्र मात्र आजी हयात असेपर्यंत दहा वेळा बदलू शकतात. त्याला मुद्रांक लागत नाही आणि नोंदणीची सक्तीही नाही, तरी तुम्ही नोंदवून घ्या. तिसरी वाट आहे ती फारसं कुणी सांगत नाही: बक्षीसपत्र करायचं, पण हयातभर घरात राहण्याचा आणि शेताचं उत्पन्न घेण्याचा हक्क आजींनी स्वतःकडे राखून ठेवायचा. असं बक्षीसपत्र चालतं, सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये रेणिकुंटला राजम्मा यांच्या खटल्यात ते स्पष्ट केलं आहे. आणि चौथी वाट म्हणजे काहीच न करणं. आजी मृत्युपत्र न करता गेल्या तर तिघाही लेकरांना सारखा वाटा मिळेल, लेकीलासुद्धा. आजींचा तुम्हाला प्रश्न हाच तर होता. याचं उत्तर त्यांना आजवर कुणी दिलेलंच नाही.

इथं थोडं थांबते. या बाईंकडे जी जमीन आहे ती माहेरची आहे. त्यांच्या पिढीत किती बायकांनी भाऊ दुरावू नये म्हणून हक्कसोडपत्रावर अंगठे दिले ते तुम्हाला मी सांगायला नको. यांच्या वाट्याला मात्र माहेरचं शेत आलं, आणि १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या कलम १४ नं त्या त्याच्या पूर्ण मालकीण आहेत. त्यात मुलांचा जन्मतः काही हक्क नाही. माहेरचा तुकडा बाईला आयुष्यभर काय आधार देतो हे त्यांनी भोगून पाहिलं आहे. म्हणून त्या लेकीचं विचारतात. तो प्रश्न म्हातारपणीचा चळ नाही, मला तर तो सगळ्या बैठकीतला सर्वात शहाणा प्रश्न वाटला.

तरीही त्यांनी पूर्ण विचारानं बक्षीसपत्रच ठरवलं, तर एक कलम तुमच्या हातानं, ठळक, घाला: "लिहून घेणार यांनी लिहून देणार यांचा हयातभर सांभाळ करावयाचा, अन्न, वस्त्र, निवारा, औषधपाणी पुरवावयाचे, या अटीवर." २००७ च्या ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण कायद्याचं कलम २३ या अटीवर उभं आहे. अशी अट घालून मिळकत दिली आणि घेणाऱ्यानं सांभाळलं नाही, तर तो दस्त फसवणुकीनं किंवा दडपणानं झाला असं मानलं जातं आणि आजींच्या अर्जावर निर्वाह अधिकरण तो रद्दबातल ठरवू शकतं. पण अट हवी. २०२२ मध्ये सुदेश छिकारा यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की नुसती मिळकत दिली एवढ्यानं भागत नाही, सांभाळाची अट दाखवता आली पाहिजे. पुढं जानेवारी २०२५ मध्ये ऊर्मिला दीक्षित यांच्या खटल्यात न्यायालयानं हा कायदा वृद्धांच्या बाजूनं उदारपणे वाचायला सांगितला आणि आईनं मुलाला केलेलं बक्षीसपत्र रद्द केलं. तिथं मुलानं सांभाळाचं वचनपत्र लिहून दिलं होतं, तो कागद आईच्या बाजूनं उभा राहिला. म्हणजे अर्जाच्या दिवशी आजींच्या हातात काय असेल ते आज तुमच्या मसुद्यावर ठरतं. मसुद्यात ही अट नसेल तर तो आजच फाडा.

कुलमुखत्यारपत्राला मी सरळ नाही म्हणेन. बँकेचं काम असेल तर त्या खात्यापुरतं, त्या कामापुरतं खास मुखत्यारपत्र करा, विक्री आणि गहाणाचे अधिकार वगळून. आणि मुलाला हे नीट सांगून ठेवा की करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे देणाऱ्याची बुद्धी भ्रष्ट झाली की मुखत्यारपत्र तिथंच संपतं. आई विसरायला लागली म्हणून पुढची सोय, असं समजून लोक हा कागद करून ठेवतात. नेमकी ती वेळ येते तेव्हा त्या कागदात जीव उरलेला नसतो. तरी तो वापरला जातो, सर्रास, आणि वकिलाला ते माहीत असतं. तुम्ही त्यातल्या होऊ नका.

मोठ्या मुलाला प्रत द्यायची नाही. मसुदा आहे का, आई आली होती का, काय म्हणाली, यातलं काहीच सांगायचं नाही. पक्षकाराचं बोलणं गुप्त ठेवण्याची जबाबदारी पूर्वी पुरावा कायद्याच्या कलम १२६ मध्ये होती, १ जुलै २०२४ पासून ती भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये आहे. तो कितीही काळजीनं विचारत असला तरी. आणि हेच धाकट्यालाही लागू आहे: लेकीबद्दलचा तो प्रश्न त्याच्या कानावर तुमच्याकडून जाता कामा नये. घरी गेल्यावर त्या म्हातारीला त्याचं काय मोजावं लागेल याचा विचार करा.

तुमच्यावर काय येईल म्हणता. करार कायद्याच्या कलम १६ मध्ये वयामुळे किंवा आजारपणामुळे मन दुबळं झालेल्या माणसावरच्या वर्चस्वाचा स्पष्ट उल्लेख आहे. वृद्ध, निरक्षर बाईनं दस्त केला असेल, तर तिला तो समजला होता हे शाबीत करण्याचा भार लाभ घेणाऱ्यावर टाकण्याकडे न्यायालयांचा कल असतो. मृत्युपत्राचंही तसंच. ज्याला सगळं मिळतं त्यानंच पुढाकार घेऊन ते करवलं असेल तर ती संशयास्पद परिस्थिती आहे, हे वेंकटचल अय्यंगार खटल्यापासून, म्हणजे १९५८ पासून, आपण शिकत आलो. या सगळ्यात पहिलं बोलावणं दस्त लिहिणाऱ्या वकिलाला येतं. म्हणून तुम्ही स्वतः साक्षीदार म्हणून किंवा ओळख पटवणारी म्हणून सही करू नका. जिथं साक्ष द्यावी लागेल असं दिसतं ते काम घेऊ नये असा १३ वा नियमच आहे. आणि दस्तात "समजावून सांगितले" असं लिहून तसं केलं नसेल, तर राज्य विधिज्ञ परिषदेकडे गैरवर्तणुकीची तक्रार होऊ शकते. ती मात्र सिनिअरांवर होणार नाही, तुमच्यावर होईल.

समजा दोन्ही भेटींत दिसलं की आजींना खरंच उमगत नाही. मग कसलाच अंगठा घ्यायचा नाही, तुमच्या वकीलपत्रावरचासुद्धा. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाच्या मिळकतीसाठी पालक नेमण्याची सोपी वाट आपल्या कायद्यात आज नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातला नामनिर्देशित प्रतिनिधी उपचारांपुरता आहे, शेतापुरता नाही. उच्च न्यायालयात रिट याचिका करून पालक नेमून घ्यावा लागतो. हे खर्चिक आहे, आणि मला हे फार अन्यायाचं वाटतं, पण आज तेवढंच आहे.

आणि समजा असं निघालं की त्यांना सगळं कळतं, पण त्या घाबरून आहेत. मग त्यांची संमती घेऊन प्रांताधिकाऱ्यांच्या निर्वाह अधिकरणाकडे अर्ज लिहून द्या. त्या कायद्याचं कलम १७ वकिलांना तिथं उभं राहू देत नाही. केरळ आणि दिल्ली उच्च न्यायालयांनी वकील कायद्याच्या कलम ३० वर, म्हणजे सगळ्या न्यायालयांत आणि अधिकरणांत काम चालवण्याच्या वकिलाच्या हक्कावर, बोट ठेवून ही बंदी मान्य केलेली नाही, तरी प्रांत कार्यालयात तुम्हाला हटकतील याची तयारी ठेवा. अर्ज मुद्देसूद असला तर तुम्ही बाहेर बाकावर बसलात तरी चालतं. बाई म्हणून आजींना तालुका विधी सेवा समितीकडून उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. आणि १४५६७ हा ज्येष्ठांच्या हेल्पलाइनचा नंबर मोठ्या अक्षरांत लिहून त्यांच्या पिशवीत ठेवा. पाठ होणार नाही, पण शेजारच्या पोरीला दाखवून लावता येईल.

धाकट्याबद्दल एक सांगायचं राहिलं. तो लबाडच आहे असं धरून चालू नका. आईचं हगणंमुतणं काढणारा, रात्री दवाखान्यात नेणारा बहुतेक तोच असेल, आणि पुण्याचा भाऊ सणाला येत असेल. त्याला भीती आहे की सांभाळणार मी आणि वाटा घेणार तिघं. त्याचं म्हणणं आजींसमोर मांडा. कदाचित त्या म्हणतील, घर धाकट्याला, शेतातला जास्तीचा वाटा धाकट्याला, विहिरीकडचा तुकडा लेकीला. असं मृत्युपत्र एका पानात बसतं. तुम्ही फक्त आजींनाच बोलू द्या.

सोमवारी सकाळच्या एसटीनं त्यांना बोलवा. खुर्ची स्वतःच्या टेबलाच्या बाजूला ओढून घ्या, समोर नको, म्हणजे त्यांना वाकून हळू बोलावं लागणार नाही. आणि पहिला प्रश्न विचारा: "आजी, त्या दिवशी तुम्ही लेकीचं विचारत होता. काय द्यायचं मनात आहे?"